न पडणारं माप

ही गोष्ट खरी हाय. माझ्या गळ्याची शप्पथ. आता गळा दोन दिवस बसलाय, त्यामुळं शप्पथ पण जरा बसकीच धरा. नव्वद टक्के खरी. बरं, ऐंशी. ऐंशीला मी ठाम हाय, पाव्हणं, खाली उतरणार न्हाई. उरलेल्या वीस टक्क्यांच्या वेळी मी तिथं हजर नव्हतो, असं मी सगळ्यांना सांगतो.

एक आधीच ठरवून घेऊ. गोष्ट संपेपर्यंत तुम्ही हसला न्हाई तर चहा माझा. हसलात तर तुमचा. आन् माझ्या हातात हा लाकडाचा वाडगा कशाला हाय ते आत्ता विचारू नका. मधी कुणी बोललं की माझी लिंक तुटती.

तर आपल्या ह्याच कारेगावात भारत नावाचा एक माणूस ऱ्हातो. रांजणगावला एका कंपनीत लेथवर ऑपरेटर. दहा वर्षं रोज तेच. लोखंडी जॉब मशीनला लावायचा, तो गरागरा फिरायला लागला की टूल टेकवायचं, शाफ्ट झाला की काढून ठेवायचा. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी गफलत झाली तरी तपासणीवाला लाल स्टिकर चिकटवणार. एवढी बारीक नजर, पण घरात मिठाचा डबा नाकासमोर असला तरी सापडायचा न्हाई. (हे मी म्हणत न्हाई. सविता म्हणते. सविता म्हंजी भारतची बायको.)

एका सुट्टीच्या दिवशी भारत आडवा पडून मोबाईल बघत होता. त्यात एक परदेशी म्हातारा लेथवर झाडाचा बुंधा फिरवून त्याचा वाडगा करत होता. पांढरी दाढी, चष्मा, मागं बर्फ. वीस मिनिटांत असा देखणा वाडगा निघाला, की भारतनं तो व्हिडिओ परत पहिल्यापासनं लावला. म्हाताऱ्यानं तो वाडगा खिडकीत ठेवला, लांबून बघितला आन् कॉफी प्यायला गेला. त्याच्या बायकोनं एकदाबी येऊन विचारलं न्हाई की हे काय हाय.

भारत उठून बसला. म्हणला, लेथ मला येतोय. लाकूड लोखंडापेक्षा मऊ. म्हंजी मला अडवलंय कुणी?

इथंच कुणीतरी अडवायला पाहिजे होतं.

त्यानं शिरूरच्या भंगारातनं एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटार उचलली, तिला दोन लोखंडी चॅनेल वेल्डिंग केले, आन् घराच्या मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी स्वतःचा लेथ उभा केला. पहिल्यांदा चालू केला तवा खालच्या मजल्यावरचा बिहारी कामगार धावत वर आला. म्हणला, "भाईसाब, चक्की कब खुला?" भारतनं समजावलं, चक्की न्हाई, कला हाय. दुसऱ्या दिवशी तो माणूस पाच किलो गहू घेऊन दारात उभा.

पहिला वाडगा आंब्याच्या लाकडाचा झाला. भारतनं तो टीव्हीशेजारी ठेवला आन् सविताला हाक मारली.

"हे काय?"

"बाऊल."

"कशाचा?"

"आंब्याचा."

"तसं न्हाई. कशाला हाय?"

"कशालाच न्हाई. डेकोरेटिव्ह हाय. शोपीस."

"म्हंजी ह्यात ठेवायचं काय?"

"काहीच न्हाई. रिकामा ठेवायचा आन् बघायचा."

सवितानं बघितला. "बघितला. आता?"

आता ह्याला उत्तर त्या परदेशी म्हाताऱ्यालाबी देता आलं नसतं.

महिनाभरात चौदा वाडगे झाले. आन् पाव्हणं, तुमच्या एक ध्यानात आलंय का, आपल्याकडं रिकामं भांडं नुसतं ठेवलेलं कुणाला बघवतच न्हाई. घरात जो येईल तो त्यात काहीतरी टाकायचा. चावी, चार्जर, सुटी नाणी, गोळ्यांचं पाकीट. शेजारीण तर येऊन कोथिंबीर टाकून गेली. भारतनं एक वाडगा सुपरवायझरला भेट दिला, त्यानं त्यात गुटख्याच्या रिकाम्या पुड्या साठवल्या. एक घरमालकाला दिला, त्यात आता कोंबड्या पाणी पितात. हे दोन त्यानं रात्रीत भरून काढले, चौदा म्हंजी चौदा. एक कडुलिंबाचा केला होता, अगदी गुळगुळीत, काचेसारखा. त्यात सवितानं चुकून दही लावलं. सकाळी भारतनं चमचाभर खाल्लं आन् ड्युटीवर दिवसभर थुंकत होता. कंपनीत अफवा उठली की ह्यानं पण गुटखा धरला.

भुशाचं तर विचारू नका. पोह्यात भुसा, आमटीत भुसा, कणकेत भुसा. डबा खाताना एक दोस्त म्हणला, "वहिनींनी मल्टिग्रेन चालू केलं का रं?"

शेवटी सवितानं विषय काढला. आरडाओरडा न्हाई. कपडे पिळता पिळता काढला.

"आवो, मला ही गॅलरी पाहिजे. विश्याचं लग्न उरकलं की मी भंगारवाल्याला हाक मारणार हाय."

"अगं, कला हाय ती."

"आसंल. चौदा झाले. आजवर एका माणसानं तरी तोंडानं म्हणलं का, की भारतनं काय झकास केलंय?"

"आन् म्हणलं तर?"

"तर मशीन ऱ्हाऊ द्या. मी कपडे गच्चीवर वाळत घालीन."

"कुणीबी म्हणलं तर चालंल?"

"कुणीबी."

"शब्द?"

"शब्द. लग्नानंतर आठवडाभरापर्यंत."

(हे 'कुणीबी' ध्यानात ठेवा. भारतनं ते मोबाईलमधी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, इतका त्याचा बायकोवर विश्वास.)

आता विश्या म्हंजी विश्वजीत, सविताचा धाकटा भाऊ. माहेर कासुर्डीचं. सासरे बापूसाहेब, गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन. पंधरा वर्षं चेअरमन. दर निवडणुकीला विरोधातले सोपानराव ह्यांना पाडायला निघायचे आन् स्वतःच पडून यायचे. बापूसाहेबांच्या जीपच्या मागच्या काचेवर लिहिलंय, 'आपण पडत नसतो.' ह्या वेळची निवडणूक लग्नानंतरच्या रविवारीच होती. त्यामुळं लग्नाला अख्खं मतदान जेवायला येणार होतं.

सासुरवाडीत भारतचा मान किती, तर लग्नाच्या कामांची यादी केली होती, त्यात त्याच्या नावापुढं लिहिलेलं, 'जावई : खुर्ची.' म्हंजी ह्यानं खुर्चीत बसायचं आन् कशाला हात लावायचा न्हाई. मागं एकदा त्यानं त्यांची पाण्याची मोटार दुरुस्त केली होती. तवापासनं ती पाणी वर आणायच्या ऐवजी खाली नेते.

तर यादी चालली असताना सासूबाई सरूबाई म्हणाल्या, "दारातलं माप कुठाय? पितळंचं व्हतं. शेजारणीनं नेलं दोन वर्षांखाली, आता म्हणती मी नेलंच न्हवतं."

भारत खुर्चीतनं उठला. "मामी, माप मी करतो. लाकडाचं. नक्षीचं."

सगळ्यांना ती मोटार आठवली. मग बापूसाहेब म्हणाले, "करू द्या. मापात काय बिघडायचंय?"

लाकूडबी त्यांनीच दिलं. गोठ्यामागं जुन्या बैलगाडीचं चाक पडलं होतं, त्याच्या मधला जाडजूड गोल ठोकळा. बाभळीचा, चाळीस वर्षं वाळलेला. भारतनं लेथवर लावला तवा तीन टूलं बोथट झाली. पण लाकूड काय निघालं म्हणता, गुळासारखा रंग. फक्त एक भानगड होती. चाकाचा ठोकळा म्हणल्यावर मधी आसाचं भोक आरपार. बुडाला भोक असलेल्या मापात तांदूळ भरायचं कसं?

सुतार असता तर त्यानं लाकडाची खुंटी मारली असती. भारत फिटर मंडळीत वाढलेला. त्यानं लोखंडाचा चांगला जाडा गोल तुकडा घेतला, अडीच किलोचा, केसभरबी फट ऱ्हाणार न्हाई असा कातला आन् ठोकून बसवला. वर लाकडाची चकती लावून झाकून टाकला. आन् परदेशी म्हाताऱ्याच्या वाडग्याचं बूड गोल असतं, म्हणून ह्यानंबी बूड गोल ठेवलं.

आता तुम्हाला ती जत्रेतली बाहुली म्हाईत हाय ना? बुडाला वजन असलेली. कितीबी ढकला, वाकते आन् परत उभी. व्हय. तेच.

भारतनं माप फरशीवर ठेवून ढकललं. वाकलं आन् परत उभं. वीस वेळा ढकललं, वीस वेळा उभं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपनीतनं आणलेलं हिरवं स्टिकर त्यानं बुडाला चिकटवलं. ओके.

तुम्ही म्हणाल, माप दारात ठेवतात कशाला, हे ह्याला म्हाईत नव्हतं का? स्वतःच्या लग्नात सवितानं उजव्या पायानं माप लवंडलेलं ह्यानं शेजारी उभं राहून बघितलं होतं. पण त्या वेळी दाराची बिजागरी कुरकुरत होती, सगळं ध्यान तिकडं. आन् सविताला आधी दाखवलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण ह्याला सरप्राईज द्यायचं होतं. माप गिफ्टच्या कागदात गुंडाळून कासुर्डीला गेलं.

लग्न लागलं. नवरी प्रगती, दौंडची. कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेली पोरगी, पण त्या दिवशी शालूत अगदी गरीब दिसत होती. दिवस मावळायच्या आत वरात दारात आली. उंबऱ्यावर भारतचं माप, तांदळानं भरलेलं, वर गुळाचा खडा. दारात सगळं गाव, खुर्च्यांवर पहिल्या रांगेत दूध संस्थेचे सभासद. विश्वजीतच्या शेजारी प्रगती. आत हॉलमधी बापूसाहेब फेटा बांधून उभे.

"नाव घे गं," बायकांनी गलका केला.

प्रगतीनं मान खाली घालून घेतलं,

"दौंडच्या स्टेशनात गाडीचं बदलतं इंजिन,
विश्वजीतरावांचं नाव घेऊन आज घरात येईन."

टाळ्या झाल्या. प्रगतीनं उजव्या पायाचा अंगठा मापाला टेकवला आन् हळूच ढकललं. माप पुढं वाकलं. आत बघितलं. इचार केला. आन् परत येऊन उभं ऱ्हायलं. तांदळाचे मोजून चार दाणे सांडले.

पहिल्या रांगेतल्या सभासदांनी माना पुढं काढल्या.

"वहिनी, परत एकदा," फोटोग्राफर म्हणला. "आन् ह्या वेळी कॅमेऱ्याकडं बघत."

तिनं जरा जोर लावला. माप जास्त वाकलं, म्हणून परत आलं तेबी जास्त जोरात. सरळ अंगठ्यावर. प्रगतीच्या तोंडातनं जे निघालं ते उखाण्यात बसणारं नव्हतं.

"उजव्या पायानं, बाय," सरूबाई म्हणाल्या.

"उजवाच हाय, आई. आता सुजलाय म्हणून ओळखू येईना."

मागं बायकांत कुजबूज लागली. लक्ष्मी आत यायला तयार न्हाई म्हणत्यात. नवरीचा मामा पुढं आला. "आमच्या पोरीला घरात घ्यायचं नसंल तर तसं सांगा. हे असलं माप लावून काय अपमान करताय?"

"कुणी केलंय हे माप?" बापूसाहेबांनी विचारलं.

आता इथं कुठलाबी शहाणा माणूस गर्दीत मागं सरकला असता. भारत पुढं आला. घसा खाकरून त्यानं सासऱ्यांना समजावलं, "मामा, काळजी करू नका. ते पडणारच न्हाई. खाली अडीच किलो लोखंड हाय. डिझाईनच तसं हाय."

सवितानं नवऱ्याकडं बघितलं. लेथवरचं टूल तसं बघत असतं जॉबकडं, टेकायच्या आधी.

पण पुढारी तो पुढारी. बापूसाहेबांनी एक क्षण पहिल्या रांगेतल्या सभासदांकडं बघितलं आन् दोन्ही हात वर केले. "मंडळी, बघितलंत का? पंधरा वर्षं इरोधक मला पाडायला बघत्यात. आरं, माझ्या दारातलं मापसुदिक पडत न्हाई, मी काय पडतोय?"

काय टाळ्या पडल्या म्हणता. बेंजोवाल्यानं मधीच एक ठोका दिला. बापूसाहेबांनी भारतच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापूंनी मुद्दाम केलंय बरं का हे. काय..."

भारतनं सविताकडं बघितलं. 'झकास' हा शब्द सासऱ्यांच्या ओठावर आला होता, मिशीपर्यंत आला होता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

आन् उंबऱ्याच्या बाहेरनं आवाज आला, "दाजी, जरा बाजूला व्हा."

प्रगतीनं शालू घोट्याच्या वर खोचला होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की भाषणावर कार्यक्रम संपलाय. तिला घरात यायचं होतं, सकाळपासनं उपाशी होती, आन् अंगठा ठणकत होता. ती चार पावलं मागं गेली. तिचा मामा म्हणला, "पोरी, नको." मामाला तिचा खेळ म्हाईत होता.

सुजका अंगठा सोडून तिनं टाच वापरली.

माप उंबऱ्यावरनं उडालं. तांदूळ असा उधळला की परत लग्न लागल्यासारखं वाटलं. हॉलच्या मधोमध अजून भाषणाच्याच तोऱ्यात उभ्या असलेल्या बापूसाहेबांच्या नडगीवर अडीच किलो लोखंड आन् वर बाभळीचं लाकूड येऊन बसलं. बापूसाहेब पडले. फेट्यासकट पडले. आन् त्यांच्या शेजारी माप दोनदा डावीकडं झुललं, दोनदा उजवीकडं झुललं आन् ताठ उभं ऱ्हायलं.

"शूट झालं," फोटोग्राफर म्हणला.

प्रगती लंगडत आत आली आन् म्हणली, "आई, आता जेवायला वाढता का?"

नडगीला तडा गेला होता. सहा आठवडे प्लास्टर. पण तेवढ्यावर भागतंय व्हय? आठ सेकंदांचा व्हिडिओ, सावकाश चालवलेला, खाली ओळ टाकलेली : 'माप उभं, चेअरमन आडवे.' यवतपासनं दौंडपर्यंत ज्याच्या त्याच्या स्टेटसला. ज्यांना दूध संस्था म्हंजी काय म्हाईत न्हाई त्यांनीबी ठेवला. रविवारी मतदान झालं. बापूसाहेब खुर्चीवर पाय लांब करून निकालाची वाट बघत होते. नऊ मतांनी पडले. जीपच्या काचेवरची ओळ दुसऱ्या दिवशी विश्वजीतनं ब्लेडनं खरवडून काढली, पण 'पडत' तेवढं निघेना.

सोमवारी सकाळी भारतचा फोन वाजला. नंबर नवा. त्याचे हात भुशात, म्हणून स्पीकरवर टाकला. सविता मागंच कपडे पिळत होती.

"भारतराव का? मी सोपानराव बोलतोय, कासुर्डीवरनं. नवीन चेअरमन. आवो, काय झकास केलंय तुमी माप. पंधरा वर्षं आमच्या अख्ख्या पॅनेलला जमलं न्हाई ते एका वाडग्यानं केलं. सत्काराला चाळीस पाहिजेत तसली."

फोन बंद झाला. भारतनं भुशाचे हात पँटला पुसले.

भारतनं फार हळू विचारलं, "'कुणीबी' म्हणाली होतीस ना?"

"म्हणले व्हते."

"माझ्याकडं रेकॉर्डिंग हाय."

"असू द्या. मी शब्द फिरवणारी न्हाई. मशीन ऱ्हाऊ द्या."

भारतला वाटलं, जिंकलो. सवितानं पिळलेले कपडे बादलीत ठेवले, आत गेली आन् बॅग भरायला लागली. तिच्या वडलांच्या प्लास्टरला सहा आठवडे, त्यांना बघायला कुणीतरी पाहिजेच होतं. कपड्यांच्या पाठोपाठ तिनं घरातली भांडी पोत्यात भरली. पातेली, ताटं, वाट्या, पेले, चहाचे कप, गाळणी.

"अगं, भांडी कशाला?"

"आबांना भेटायला माणसं येत्यात. ह्या येळी सांत्वनाला जास्त येतील. तिकडं भांडी कमी पडत्यात."

"आन् मी?"

"तुमच्याकडं चौदा हायेत की," असं म्हणली आन् ओढणीनं तोंड बांधून गाडीवर बसली.

तर असं हाय, पाव्हणं. शोभेच्या वाडग्यात गरम आमटी ओतली की वाडगा तडकतो, हे तो परदेशी म्हातारा कधी सांगत न्हाई. पहिल्या आठवड्यात पाच तडकले. दुसऱ्यात सहा. दोन खालचा बिहारी कणीक मळायला घेऊन गेला. सोपानरावांनी चाळीसची ऑर्डर रद्द केली, कारण त्यांच्या लक्षात आलं की आता चेअरमन तेच हायेत आन् पडायची पाळीबी त्यांचीच. शेवटी एकच वाडगा उरला. कडुलिंबाचा. ह्याला तडा जात न्हाई, कीड लागत न्हाई, फक्त ह्यात घालाल ते कडू लागतं. सहा आठवडे सरून गेले, प्लास्टर सुटलं, बापूसाहेब चालायला लागले. भांडी अजून तिकडंच हायेत.

हसलात. न्हाई न्हाई, गालात का होईना, हसलात. मी केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी हालचाल पकडतो, दहा वर्षांची सवय हाय. ठरल्याप्रमाणं चहा तुमचा.

काय? व्हय, हाच तो वाडगा. व्हय, ह्यातच पितो. चार चमचे साखर टाकली तरी कडूच. माझं सोडा, भारतचं बघा, त्याला तर... जाऊ द्या आता, कळलंय तुम्हाला.

द्या, तीन चहाचे पैसे द्या. तुमचा एक, आन् माझ्या वाडग्यात बरोब्बर दोन बसतात. घालून बघा हवं तर. मापात आपलं काम कधी चुकत न्हाई.